वेळेत पदवी आणि कर्जाचे व्याज

शैक्षणिक कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केली, तर कर्जाचा काही भाग सरकारने माफ करावा, अशी व्यवस्था जगात मोजक्या ठिकाणी आहे. महाराष्ट्रात वेळेत पास झाला म्हणून मुद्दल माफ करणारी योजना नाही. इथे सरकारी सवलत मिळते ती दुसऱ्या दोन गोष्टींसाठी: अभ्यासक्रम मध्येच न सोडण्यासाठी आणि हप्ता तारखेला भरण्यासाठी. तरीही वेळेचा हिशेब या व्यवस्थेत असतोच, फक्त तो बक्षीस म्हणून दिसत नाही. उशिराचा दंड म्हणून तो कर्जाच्या खात्यात गुपचूप जमा होत राहतो, आणि अनेक घरांना त्याचा पत्ता पहिला ईएमआय कापला गेल्यावरच लागतो.

हा हिशेब विदर्भातल्या वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि वाशिम त्यांपैकी एक. जिल्ह्याचा पैसा मुख्यतः सोयाबीन, तूर आणि कपाशीतून येतो. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे एकदा आणि तूर निघाल्यावर पुन्हा एकदा. बारावीनंतर अभियांत्रिकी, फार्मसी किंवा नर्सिंगला जाणारी बरीच मुले केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या कॅप राउंडमध्ये अकोला, अमरावती, नागपूर, पुणे असे लांबचे महाविद्यालय पदरात पाडून घेतात. फीपेक्षा खोलीभाडे आणि मेसचाच खर्च जास्त होतो, असे कित्येक घरांत घडते. अशा वेळी बँकेची पायरी चढावी लागते. कर्ज फेडायचे दर महिन्याला आणि घरात पैसा येतो वर्षातून दोनदा, ही मुळातली अडचण. ती सुटते मुलाची किंवा मुलीची नोकरी लागल्यावरच. पदवी किती वर्षांत हातात पडते, या प्रश्नाला म्हणूनच इथे शहरातल्या पगारदार घरापेक्षा जास्त वजन आहे.

देशातल्या बहुतेक बँकांचे शैक्षणिक कर्ज इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये आखलेल्या आदर्श योजनेवर बेतलेले असते. योजनेत नंतर दुरुस्त्या झाल्या, सांगाडा तोच राहिला. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के रक्कम घरची असावी लागते. साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. फीची रक्कम विद्यार्थ्याच्या हातात न देता वर्षागणिक थेट महाविद्यालयाच्या खात्यात जाते आणि पुढच्या वर्षाची रक्कम सोडण्याआधी बँक मागच्या वर्षाची गुणपत्रिका पाहते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. बँकेत याला मोरॅटोरियम म्हणतात. त्यानंतर परतफेडीसाठी पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते.

मोरॅटोरियम म्हणजे व्याजमाफी असा समज गावोगावी आहे, आणि तो चुकीचा आहे. हप्ता थांबतो, व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. या काळात ते सरळव्याजाने मोजतात आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिळवतात.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज, व्याजदर १० टक्के धरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० आणि चौथ्यावर २० हजार. हप्ता सुरू होईपर्यंत चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीवर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये बसतो. वर्षाचे साधारण साडेपंच्याऐंशी हजार. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने हा वर्षाचा हप्ता म्हणजे साडेसतरा क्विंटल सोयाबीन, आणि तेही बियाणे, फवारणी, काढणीचा खर्च न धरता.

आता हाच विद्यार्थी शेवटच्या वर्षी एका विषयात अडकला आणि पदवी वर्षभर लांबली असे समजा. कर्जाची सगळी रक्कम उचललेली असल्याने त्या एका वर्षाचे व्याज ४० हजार. खात्यावर ५ लाख ८० हजार होतात आणि हप्ता ७,६६५ रुपयांवर जातो. फरक महिन्याला जेमतेम ५२९ रुपयांचा. दहा वर्षांत मात्र तो ६३ हजारांच्या वर जातो. त्याशिवाय एक वर्षाचा पगार बुडाला तो वेगळाच.

विदर्भातल्या होस्टेलांवर उशिराची आपली भाषा आहे. एखाद्या विषयात ‘बॅक’ राहतो, ‘एटीकेटी’ लागते, आणि विषय फार साचले की ‘ईयर डाउन’ होते. बॅक राहिला तरी विद्यार्थी पुढच्या वर्षात बसतो. कर्जाच्या दृष्टीने तो वेळेतच असतो. ईयर डाउन झाले की चित्र बदलते. पुढच्या वर्षाची फी भरायची नसल्याने बँक पुढची रक्कम सोडत नाही, खोलीभाडे आणि मेस मात्र चालूच राहते, आणि तेवढे घरून पाठवावे लागते. आदर्श योजनेत यासाठी एक मोकळीक ठेवली आहे: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर बँक दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकते, आणि कारण विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचे असेल तर मंजुरी देणारा अधिकारी त्याहून जास्त विचार करू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही याच मापाच्या आहेत. पदवीच्या ठरलेल्या वर्षांवर साधारणपणे आणखी दोन वर्षे, आणि अपवाद म्हणून त्यावर एक.

व्याजाचे ओझे उचलणारी केंद्राची सर्वांत जुनी चालू योजना २००९ ची, केंद्रीय क्षेत्र व्याज अनुदान योजना. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर मोरॅटोरियमच्या काळातले पूर्ण व्याज सरकार बँकेला देते. वरच्या उदाहरणातले १ लाख ४० हजार अशा वेळी घरावर पडत नाहीत. परतफेड चार लाखांपासून सुरू होते आणि हप्ता ५,२८६ रुपयांवर येतो. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते, पहिल्या पदवीसाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी. तिच्यात एक कठोर कलम आहे. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडला, किंवा शिस्तीच्या वा शैक्षणिक कारणावरून त्याला संस्थेतून काढले, तर अनुदान मिळत नाही. आजारपणामुळे शिक्षण सुटले आणि संस्थाप्रमुखाचे समाधान होईल अशी कागदपत्रे दिली, तरच अपवाद.

सवलत अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्यापुरतीच आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे. ईयर डाउनचे वाढीव वर्ष त्या मोजणीत धरले नाही, तर त्याचे व्याज विद्यार्थ्याच्या खात्यावर राहते. वरच्याच उदाहरणात ते ४० हजार. वेळेवर पदवी घेणारा आणि वर्षभर मागे पडलेला, दोघेही अनुदानाचे लाभार्थी. पण एकाची परतफेड चार लाखांपासून सुरू होते आणि दुसऱ्याची चार लाख चाळीस हजारांपासून. बक्षीस हा शब्द कुठेही न वापरता व्यवस्थेने दिलेले बक्षीस ते हेच.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. मंजुरीच्या वेळच्या यादीनुसार देशातल्या ८६० निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के पतहमी. आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. दर वर्षी एक लाख विद्यार्थ्यांना ती द्यायची, असे नियोजन आहे. यादी राष्ट्रीय क्रमवारीवरून केलेली असल्याने नागपूरच्या व्हीएनआयटीत प्रवेश मिळालेल्या रिसोडच्या मुलीला योजना लागू होते. तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी यादीबाहेरच्या महाविद्यालयात गेली तर होत नाही. ग्रामीण जिल्ह्यांसाठी या योजनेचा पसारा नावापेक्षा लहान आहे.

राज्याच्या पातळीवर काम महामंडळांमार्फत चालते. महाराष्ट्र राज्य इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना त्यांतली या विषयाला सर्वांत जवळची. देशातल्या शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंत आणि परदेशातल्या शिक्षणासाठी वीस लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत. कर्ज महामंडळ देत नाही. ते बँकेकडूनच घ्यायचे, हप्ते आधी स्वतः भरायचे, आणि नियमित भरले असतील तर त्यातल्या व्याजाची रक्कम महामंडळ आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करते.

‘आधी भरा, मग मिळेल’ या रचनेत मेख आहे. पगार सुरू झालेल्याला ती सोपी जाते. शिकून घरी बसलेल्याला, किंवा पदवीच अडकलेल्याला, हप्ता भरणे जमत नाही. हप्ता चुकतो, खाते थकीत होते आणि परताव्याचा हक्क मिळायच्या आधीच निसटतो. योजना वेळेवर फेडणाऱ्याला पावते, आणि वेळेवर फेडतो तो बहुधा वेळेवर पदवी घेतलेलाच. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची पद्धत वेगळी आहे. ते स्वतःच ३ टक्के दराने शैक्षणिक कर्ज देते. कारंजा, मंगरुळपीर या गावांतल्या अल्पसंख्याक घरांना ती वाट जवळची. मूळ दरच कमी असल्याने तिथे उशिराचा फटकाही सौम्य बसतो. चार लाखांवर वर्षाला बारा हजार.

कर्ज कमी घ्यावे लागणे हीसुद्धा मदतच. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण भरण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अशा घरांतल्या मुलीचे कर्ज राहण्या-खाण्यापुरते उरते. मात्र फी परताव्याच्या योजनांनाही वेळेची अट चुकलेली नाही: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही.

शिक्षणासाठी दिलेल्या पैशाला मुदत आणि परतफेडीची अट जोडण्याची रीत इथे जुनी आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली होती. ते १९२० मध्ये परत गेले आणि अभ्यास पुरा केला. बुद्धीत खोट नसतानाही पैशाची मुदत आणि अभ्यासाची मुदत एकमेकींना चुकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

स्वतंत्र भारतात १९६३ पासून राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्ती योजना चालली. हुशार पण गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळे. पुढे तो शिक्षक झाला तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. सरकारला तेव्हा मास्तर हवे होते, म्हणून माफी शिक्षकीला जोडली गेली. वसुली सरकारी कचेऱ्यांकडे होती आणि ती कधीच नीट झाली नाही. बँका या क्षेत्रात उतरल्या त्यामागचे एक कारण तेही आहे. दुसऱ्या राज्यांनी आपापले मार्ग काढले. बिहारने २ ऑक्टोबर २०१६ पासून चार लाखांचे विद्यार्थी क्रेडिट कार्ड सुरू केले, पश्चिम बंगालने जून २०२१ मध्ये दहा लाखांचे, ४ टक्के सरळव्याजाचे. शिकतानाच व्याज भरत गेल्यास बंगालमध्ये एक टक्का सूट मिळते. आदर्श योजनेतही अशी एक टक्क्याची तरतूद आहे, पण ती द्यायची की नाही हे बँकेच्या मर्जीवर.

वेळेत पदवीला थेट माफी जोडण्याचा ठळक प्रयोग अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा. २००३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ‘बी-ऑन-टाइम’ नावाचे बिनव्याजी कर्ज सुरू केले. चार वर्षांत, आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाच वर्षांत, सरासरी ‘बी’ श्रेणीने पदवी घेतली की सगळे कर्ज माफ; नाही तर फेडायचे. पैसा उभा राहायचा तो विद्यापीठांच्या फीतून ठरावीक वाटा काढून. आपण घातले जास्त आणि मिळाले कमी, अशी काही विद्यापीठांची ओरड झाली. २०१५ मध्ये योजना बंद करण्याचा कायदा झाला आणि आधीच्या लाभार्थ्यांपुरती ती पुढे काही वर्षे चालली.

युरोपात ही कल्पना जास्त टिकली. फिनलंडमध्ये ऑगस्ट २०१४ नंतर शिक्षण सुरू करून ठरल्या काळात पदवी घेणाऱ्याच्या कर्जातली अडीच हजार युरोंच्या वरची जी रक्कम, तिचा ४० टक्के हिस्सा सरकारी संस्था भरते. नॉर्वेत सगळी मदत आधी कर्ज म्हणूनच मिळते. परीक्षा पास होत गेल्यावर २५ टक्के आणि पदवी पुरी झाल्यावर १५ टक्के रक्कम अनुदानात बदलते. एका पायरीवर अडखळले तरी आधीचे कमावलेले जात नाही, ही त्यातली शहाणी गोष्ट. नेदरलँड्सने याहून सैल दोर दिला: दहा वर्षांत पदवी आणा, कर्जाची देणगी होईल.

जर्मनीत मुदतीच्या चार महिने आधी पदवी घेणाऱ्याला २,५६० युरो माफ होत. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी प्रश्न उभा केला की कायद्यानेच किमान कालावधी ठरवलेला असताना चार महिने आधी डॉक्टर व्हायचे कसे? २०११ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. २०१२ नंतर पदवी घेणाऱ्यांसाठी ही माफी राहिली नाही. वेळ विद्यार्थ्याच्या हातात नसेल तर वेळेचे बक्षीस हा अन्याय ठरतो, हे त्या निकालाचे सार वाशिमलाही लागू पडते. परीक्षा लांबते, निकाल राखीव राहतो, पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आधीच पुढच्या वर्षाचे प्रवेश संपतात. घरातली शिकणारी पहिलीच पिढी असेल, बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले असेल आणि पहिल्या वर्षाचे गणित, मेकॅनिक्स एकदम इंग्रजीतून समोर आले असेल, तर ईयर डाउनचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येत नाही. शेवटी मिळणाऱ्या माफीपेक्षा पहिल्या वर्षातच शिकवणीसाठी मिळालेले चार पैसे अशा मुलाला पदवीपर्यंत लवकर नेतील. वेळेचे बक्षीस ठेवायचेच असेल, तर नॉर्वेसारखे टप्प्याटप्प्याने देणे इथल्या परिस्थितीला जास्त मानवेल.

सध्याच्या नियमांत मुदत चुकणाऱ्याने करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या वेळेवर कराव्या लागतात. ईयर डाउन झाल्याचे बँकेपासून लपवल्यास मोरॅटोरियम जुन्या तारखेलाच संपतो आणि विद्यार्थी वर्गात असतानाच हप्ता लागू होतो. तीन महिने हप्ता थकला की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्जाच्या वर्गात जाते. सहकर्जदार म्हणून वडिलांचाही सिबिल स्कोअर खाली येतो, आणि पुढच्या खरिपात पीककर्ज मागायला गेल्यावर तो आड येऊ शकतो. त्यामुळे निकाल लागताच महाविद्यालयाकडून नवी बोनाफाईड आणि अभ्यासक्रम पूर्ण होण्याची सुधारित तारीख असलेले पत्र घेऊन, गुणपत्रिकेसह मुदतवाढीचा अर्ज शाखेत द्यायचा आणि पोच घ्यायची. कारण आजारपणाचे असेल तर दवाखान्याचे कागद आणि प्राचार्यांचे पत्र सोबत जोडायचे, कारण व्याज अनुदान टिकणे याच कागदांवर अवलंबून असते. व्याज अनुदानासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. वाढीव वर्षाचे व्याज महिन्याच्या महिन्याला भरता आले तर ते मुद्दलात मिसळत नाही. चार लाखांवर १० टक्क्यांनी ते ३,३३३ रुपये होते. पुढे परतफेड सुरू झाल्यावर भरलेल्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आयकरात वजावट मिळते, आणि तिची आठ वर्षे व्याज भरायला सुरुवात केल्याच्या वर्षापासून मोजली जातात.